बागबान, बाबा आणि हयातीचा दाखला

परवा रविवारी दुपारी टीव्हीवर परत एकदा 'बागबान' लागला होता. आमच्या घरी हा पिक्चर किती वेळा बघून झालाय याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. आई भाजी निवडत बघते, बाबा पेपर वाचतोय असं दाखवत बघतात आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन, 'काय हे तेच तेच' असा चेहरा करून बघतो. आणि शेवटी अमिताभचं ते भाषण सुरू झालं की तिघांच्याही डोळ्यांत पाणी. हो, माझ्याही. खोटं कशाला बोलू?

या वेळी मात्र पिक्चर संपल्यावर मला स्वतःचाच राग आला. का आला ते पुढे सांगतोच. पण मुद्दा आधी मांडतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना तयारीला वेळ मिळेल. माझं मत असं की म्हाताऱ्या आईबापांच्या हालअपेष्टांवर काढलेले हे रडके पिक्चर आपल्या पिढीसाठी भलतेच सोयीचे आहेत. तीन तास रडून आपण मोकळे होतो आणि घरातलं काहीही बदलावं लागत नाही.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगतो. २००३ सालचा पिक्चर, दिग्दर्शक रवी चोप्रा. बँकेतून रिटायर झालेला बाप, चार मुलं. दोघांना एकत्र ठेवायची कुणाचीच तयारी नाही म्हणून आईबापांचीच वाटणी होते, सहा महिने ती एकाकडे आणि तो दुसऱ्याकडे. मुलं नालायक, सुना त्याहून नालायक. दत्तक घेतलेला सलमान तेवढा देवमाणूस. बाप एक पुस्तक लिहितो, ते तुफान खपतं, पैसा येतो, मुलं लाळ घोटत परत येतात आणि बाप भर सभेत त्यांना झिडकारतो. टाळ्या.

आता मला सांगा, यातला कुठला मुलगा तुम्ही आहात?

कुठलाच नाही ना? मी पण नाही. आमच्या सकाळच्या विरार लोकलच्या ग्रुपमध्ये एकदा हा विषय निघाला होता. दहा-बाराजण, सगळे पंचवीस ते पस्तीसमधले. प्रत्येकाने 'बागबान' बघितलेला, प्रत्येकजण रडलेला, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, 'काय साली पोरं असतात एकेक!' त्या डब्यात एकालाही आपलं तोंड पडद्यावर दिसलं नव्हतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. मेलोड्रामातला मुलगा इतका हलकट असतो की आपण आपोआप चांगले ठरतो. त्याच्या तुलनेत पास व्हायला पस्तीस मार्क पण लागत नाहीत.

तशी मुलं नसतातच असं मी म्हणत नाही. वृद्धाश्रम काही हौसेने भरत नाहीत. आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली उगाच झालेला नाही. त्या कायद्याने मुलांकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळवता येतो आणि म्हाताऱ्या आईबापांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे 'बागबान'मधल्या पोरांसाठी कायदा आहे. पण 'शनिवारी करू' म्हणणाऱ्या पोरासाठी कुठलाही कायदा नाही.

हा 'शनिवारी करू' म्हणणारा पोरगा म्हणजे मी.

आम्ही आचोळ्यात राहतो, नालासोपारा पूर्वेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा बत्तीस वर्षं लेथवर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले आणि त्यांना पीएफची पेन्शन लागली, महिना दोन हजार तीनशे आणि वर काही रुपये. हसू नका. या योजनेत किमान पेन्शन २०१४ साली महिना एक हजार ठरली, तेव्हा बाबा त्यातले श्रीमंत म्हणायचे. माझ्या पगाराच्या मानाने ती रक्कम म्हणजे आमच्या टीमचं एका जेवणाचं बिल. पण बाबांसाठी ती पेन्शन आहे. तिच्यातून ते पेपरचं बिल देतात, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या आणतात आणि बहिणीच्या मुलीला दर महिन्याला काहीतरी घेतात. माझ्याकडे मागत नाहीत. मागायची वेळ येत नाही हाच तर त्या पेन्शनचा उपयोग.

या पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं. हल्ली ते मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतं. ऑक्टोबरच्या मधल्या एका संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "अरे, ते हयातीचं करायचं होतं." मी कॉलवर होतो. हेडफोनचा एक कान बाजूला करून म्हणालो, "शनिवारी करू, बाबा." ते 'बरं' म्हणून गेले.

तो शनिवार झोपेत गेला. पुढच्या शनिवारी रिलीज होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी कॉलेजच्या मित्रांबरोबर अर्नाळ्याला गेलो. मग दिवाळीची गडबड, मग कुणाचं तरी लग्न. बाबांनी मध्ये दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर मी त्यांचं काम बॅकलॉगमध्ये टाकलं होतं, प्रायॉरिटी सगळ्यात खालची.

डिसेंबरची पेन्शन जमा झाली नाही. जानेवारीचीही नाही. हे मला आईकडून कळलं, तेही बोलता बोलता. मधल्या काळात बाबा एकटे शेअर रिक्षाने बँकेत जाऊन आले होते. तिथे मशीनवर अंगठा ठेवला, जुळला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, काहीच जुळेना. बत्तीस वर्षं लोखंड हाताळलेल्या बोटांवर रेषा राहतात कुठे? रांगेतल्या कुणीतरी त्यांना म्हणालं, "काका, घरी कोणी शिकलेलं नाही का? मोबाईलवरच होतं." बाबा काय म्हणाले ते आईने सांगितलं नाही. मी विचारलं पण नाही.

त्या शनिवारी मी अॅप उघडलं. आधार नंबर, पेन्शनचा नंबर, मग बाबांना खिडकीपाशी उजेडात बसवलं. स्क्रीनवर सूचना आली, डोळ्यांची उघडझाप करा. बाबांनी केली. झालं. चार मिनिटं लागली. बाबांनी विचारलं, "झालं? एवढंच?"

एवढंच. चार मिनिटांच्या कामासाठी मी चौदा शनिवार घेतले होते. आणि मी इंजिनियर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या अॅप्समधल्या चुका काढायचे पैसे घेतो.

या प्रसंगावर कुणी पिक्चर काढेल का? नाही काढणार. यात कुणी कुणाला घराबाहेर काढलेलं नाही, पावसात उभं केलेलं नाही. बाबांची अडकलेली पेन्शनही नंतर मिळाली. पण मला विचाराल तर आपल्या पिढीचं आईबापांकडे होणारं दुर्लक्ष दिसायला असंच दिसतं. ते चांगली मुलं करतात, हप्त्याहप्त्याने करतात आणि करताना 'बाबा' म्हणून प्रेमाने हाकही मारतात.

आता परत 'बागबान'कडे येतो. त्यात बाप रात्री टाइपरायटरवर लिहीत बसतो आणि त्याच्या आवाजाने झोपमोड होते म्हणून घरचे त्याला बोलतात. लिहिणाऱ्याने हा प्रसंग कुठल्यातरी खऱ्या घरातून उचलला असणार. लहान घर, एकाची गरज आणि दुसऱ्याची झोप. आमच्याकडे टाइपरायटर नाही, टीव्ही आहे. संध्याकाळी साडेआठला अमेरिकेचा कॉल सुरू झाला की मी आतून ओरडतो, "बाबा, आवाज कमी!" बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. आवाज कमी केला की त्यांना नुसती चित्रं दिसतात. ते तसेच बघत बसतात.

टाइपरायटर बंद करा म्हणणारी ती माणसं आणि आवाज कमी करा म्हणणारा मी, यांच्यात फरक काय? वीस वर्षं हा पिक्चर बघतोय, पण हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. कारण पिक्चर तो पडूच देत नाही. बोलणारं माणूस खलनायक आहे हे आधीच ठरलेलं असतं. त्यालाही सकाळी सातची गाडी असेल, ही शंकाही आपल्याला येत नाही. आली असती तर कदाचित मी हेडफोन घेऊन जिन्यात जाऊन बसलो असतो.

गंमत म्हणजे हीच गोष्ट याआधी जास्त प्रामाणिकपणे सांगून झालेली आहे. १९३७ साली लिओ मॅकॅरी नावाच्या दिग्दर्शकाने हॉलिवूडमध्ये 'मेक वे फॉर टुमॉरो' काढला. म्हाताऱ्या जोडप्याचं घर बँकेच्या ताब्यात जातं. पाच मुलं, पण दोघांना एकत्र ठेवायला जागा कुणाकडेच नाही. आई एकीकडे, बाप दुसरीकडे. वाटणी तीच, पण मुलं राक्षस नाहीत. मोठी सून घरी पत्ते शिकवण्याचा क्लास चालवते आणि क्लासच्या वेळी सासू मध्ये येऊन बसते. सून अवघडते, सासूही अवघडते, आणि बघताना आपल्याला दोघींचं पटतं. शेवटी मुलगा आईला वृद्धाश्रमाचं सांगायला येतो पण त्याची जीभ उचलत नाही. तर आईच त्याला सोडवते, मलाच तिकडे जायचंय म्हणते. स्टुडिओला गोड शेवट हवा होता, मॅकॅरीने दिला नाही. म्हातारा-म्हातारी स्टेशनवर एकमेकांचा निरोप घेतात, पिक्चर संपला. पुस्तक नाही, भाषण नाही, टाळ्या नाहीत. मी हा पिक्चर एकट्याने लॅपटॉपवर बघितला आणि संपल्यावर ताबडतोब आईला हाक मारली. काही काम नव्हतं.

हाच गाभा राजा परांजप्यांनी १९५४ साली मराठीत 'ऊन पाऊस'मध्ये आणला. आधी मास्तर, मग बँकेतला साहेब. जोडपं तेच, वाटणी तीच. पण २००३ पर्यंत येताना आपल्याला सूड लागायला लागला. बापाने श्रीमंत होऊन पोरांची जिरवल्याशिवाय आपल्याला चैन पडेना. आता प्रत्यक्षात किती रिटायर्ड माणसांची पुस्तकं अशी खपतात हो? मराठीत तर पूर्णवेळ लेखकांचीसुद्धा खपत नाहीत!

२०२४ चा महेश मांजरेकरांचा 'जुनं फर्निचर' घ्या. त्यात बाप मुलाला कोर्टात खेचतो आणि त्याला वाढवल्याची कोट्यवधींची भरपाई मागतो. मांजरेकरांचं काम चांगलं आहे. दवाखान्यात पैशांसाठी होणारी घालमेल आपल्यापैकी अनेकांनी बघितलेली आहे, ती अंगावर येते. पण कोर्टात बिल मांडल्यावर थेटरात टाळ्या पडतात, तेव्हा मला कसंतरी होतं. आईबापांनी केलेलं सगळं जर कर्ज असेल, तर ते फेडून मोकळंही होता येईल की. मी महिन्याला घरात ठरलेले पैसे देतो, म्हणजे माझा हप्ता वेळेवर जातो. मग मी सुटलो का? बाबांचे दोन हजार तीनशे दोन महिने थांबले तेव्हा मी घरात त्याच्या कितीतरी पट देत होतो. त्यांना पैशांची अडचण नव्हतीच. त्यांना माझी चार मिनिटं हवी होती.

आता कुणीतरी 'नटसम्राट' काढेल, म्हणून आधीच सांगतो. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, त्यात मेलोड्रामा भरपूर आहे आणि तरी मी त्याला या रांगेत बसवणार नाही. कारण अप्पासाहेब बेलवलकर हा साधा सोपा म्हातारा नाही. सगळं वाटून टाकायचा निर्णय त्यांचा, अहंकार त्यांचा, जीभ त्यांची. त्यांच्याबरोबर एका घरात राहणं कठीण आहे हे नाटक लपवत नाही. तेव्हा मोठ्या आवाजात बोलण्याला माझा विरोध नाही. आईबापांना देव आणि मुलांना राक्षस करून टाकण्याला आहे. देव केलं की माणूस म्हणून त्यांच्याशी बोलायची, भांडायची, त्यांना काय हवंय ते विचारायची गरज संपते.

मग चांगला पिक्चर कुठला, असं विचाराल तर 'अस्तु' बघा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २०१३ चा, थेटरात यायला २०१६ उजाडलं. मोहन आगाशे संस्कृतचे मोठे पंडित आहेत आणि त्यांची स्मृती जात चालली आहे. मुलगी (इरावती हर्षे) त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी दुकानात जाते. तेवढ्यात समोरून हत्ती जातो आणि हे लहान मुलासारखे हत्तीच्या मागे चालू लागतात. हरवतात. ती मुलगी नालायक नाही. ती थकलेली आहे, चिडते, रडते, स्वतःला दोष देते. थोडाच वेळ गेली होती हो ती! बघताना सतत वाटत राहतं की हे माझ्याकडूनही होऊ शकतं. इथे बघणाऱ्याला पळून जायला जागा नाही. अमृता सुभाषला यातल्या माहुताच्या बायकोच्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तुमच्या ऑफिसमधल्या किती जणांनी हा पिक्चर बघितलाय ते उद्या विचारून बघा.

अजून एक गोष्ट मला या रडक्या पिक्चरांबद्दल खटकते, ती म्हणजे सून. मुलगा फितूर होतो तो सुनेमुळे. लग्नाचं बघायला लागल्यापासून मला कळलंय की वेगळं राहायचं म्हणणाऱ्या मुलीबद्दल लगेच 'बागबानमधली सून दिसतेय' असं बोललं जातं. आणि वास्तव काय आहे? आमच्याच बिल्डिंगमध्ये माझ्या मित्राची बायको सासूला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला घेऊन जाते. प्रत्येक वेळी चार तास. तिथेच बसून लॅपटॉपवर स्वतःची नोकरी करते. मित्र मालाडला ऑफिसात असतो. आईचं कोण करतं असं विचारलं तर लोक म्हणतात, "मुलगा फार चांगला आहे हो!"

आणि सगळ्याला घरचीच माणसं जबाबदार असतात का? आमच्या आचोळ्यातलंच बघा. आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या अग्रवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, काम २०२५ च्या सुरुवातीला संपलं. बांधकाम बेकायदा होतं हे खरं. पण आयुष्यभराची पुंजी घालून तिथे घर घेतलेल्या माणसांमध्ये म्हातारी माणसं नव्हती का? सामान खाली उतरवणाऱ्या मुलांना काय राक्षस म्हणणार? मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची तिकिटातली सवलत काढली, ती कुठल्या सुनेच्या सांगण्यावरून? मेलोड्रामाला एक वाईट माणूस लागतो. तो घरातच सापडला की बाहेर शोधायची गरज उरत नाही. हजार रुपये पेन्शन, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा आचोळे रोड, हे सगळे सुटतात.

हे सगळं मी त्या रविवारी आईला ऐकवलं. जरा आवेशातच. म्हटलं, "तुम्ही कशाला बघता असले पिक्चर? सगळं खोटं असतं." आई गवारीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "आम्हाला काय कळत नाही का खोटं असतं ते? पण त्याला शेवटी माईक देतात ना. सगळे गप्प बसून त्याचं ऐकतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. माझी सगळी बाजू मी मुलाच्या खुर्चीतून मांडत होतो. त्या खुर्चीतून मेलोड्रामा ही पळवाट आहे, यावर मी ठाम आहे. पण आईच्या खुर्चीतून कदाचित ती एकच जागा आहे जिथे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं कुणी 'एक मिनिट हां, कॉल आहे' म्हणून तोडत नाही. म्हणजे तिला पिक्चर बदलून द्यायचा असेल तर आधी घरातला माईक द्यावा लागेल. 'अस्तु'ची लिंक पाठवून भागणार नाही.

असो. लेख लांबला. तुम्ही 'बागबान' बघून रडत असाल तर जरूर रडा, मी कोण अडवणार? फक्त पिक्चर संपला की बाबांचं पासबुक एकदा उघडून बघा. पेन्शन जमा होतेय का, शेवटचा दाखला कधी दिला होता, आणि गेल्या महिन्याभरात त्यांनी सांगितलेलं कुठलं काम तुम्ही 'शनिवारी करू' म्हणून ठेवलंय. एक तरी निघेल.

माझ्याकडे अजून दोन निघाली. बाबांचा कान तपासायचाय आणि आईच्या चष्म्याचा नंबर. आज शनिवार आहे. दहाला दवाखाना उघडतो, निघतो.